टाक्यांचा हिशेब

अँड्र्यू यूर हा स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ कारखान्यांचा मोठा चाहता होता; इतका, की पुढे कार्ल मार्क्सनं त्याला कारखान्यांचा भाट ठरवून त्याची टर उडवली. यूरचा उद्योगधंद्यांवरचा जाडजूड कोश १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भरतकामाच्या यंत्रावर एक नोंद आहे. यंत्राला १३० सुया आणि त्या धरायला २६० चिमटे. किंमत पाच हजार फ्रँक, म्हणजे त्या वेळचे २०० पौंड. रोजचं काम पंधरा तरबेज कारागिरांइतकं. आणि ते चालवायला काय लागतं? एक मोठं माणूस आणि मदतीला दोन मुलं.

भरतकामाचं पहिलं यंत्र घ्यायला निघालेल्या आजच्या माणसाला विक्रेता जो कागद देतो, त्याचा साचा जवळपास हाच असतो. इतक्या सुया, इतकी डोकी, मिनिटाला इतके टाके, किंमत इतकी, आणि अमुक इतक्या माणसांचं काम करतं. यूरची नोंद त्या मानानं जास्त प्रामाणिक म्हणायला हवी, कारण तिच्यात ती दोन मुलंही आहेत. यंत्र आणखी काय मागतं हे कोटेशनवर सहसा लिहिलेलं नसतं, आणि या धंद्याच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात पहिलं यंत्र घेणाऱ्यांचं बरंवाईट बहुतेक वेळा त्या न लिहिलेल्या ओळींनीच ठरवलं आहे.

सुईला दोन टोकं

यूरनं वर्णन केलेलं यंत्र जोसुए हाइलमान या माणसानं १८२८च्या सुमारास फ्रान्समधल्या अल्सास प्रांतात, म्यूलूझ या कापडगिरण्यांच्या गावी तयार केलं. त्यामागची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. हातानं भरतकाम करताना सुई कापडातून आरपार जाते, पलीकडून हात ती ओढतो, उलटी करतो आणि परत पाठवतो. यंत्राला सुई उलटी करणं जमत नाही. म्हणून या यंत्रातल्या सुईला दोन्ही बाजूंना टोक आणि नेढं मधोमध. कापड उभं ताणलेलं, त्याच्या अलीकडे एक गाडा आणि पलीकडे एक गाडा. अलीकडच्या गाड्यावरचे चिमटे सगळ्या सुया एकदम कापडात खुपसतात, पलीकडचे चिमटे त्या पकडतात आणि गाडा मागे सरकून दोरा ओढून घेतो. मग उलट प्रवास.

सुया जागच्या हलत नाहीत, कापडाची चौकट हलते. यंत्र चालवणारा डावीकडे बसतो. त्याच्यासमोर नक्षी सहापट मोठी करून लावलेली असते. डाव्या हातात पँटोग्राफचा दांडा धरून तो नक्षीवरच्या एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर जातो, तेव्हा चौकट त्याच्या एक षष्ठांश अंतरानं सरकते. उजवा हात चाक फिरवतो, पाय पायट्यांवर चिमट्यांची उघडझाप करतात. एकाच माणसाच्या चारही हातापायांना वेगवेगळं काम. नक्षीवर बिंदू एक मिलिमीटर चुकला, तर तीच चूक एकदम शंभर-दीडशे फुलांत उमटते.

यातली मेख दोऱ्याची होती. सुई आरपार जायची म्हणजे दोरा रिळावरून अखंड येऊ शकत नाही. प्रत्येक सुईत साधारण मीटरभर लांबीचा तुकडा ओवायचा. टाक्यागणिक तो आखूड होत जातो, संपला की शंभरावर सुया पुन्हा ओवायच्या. यूरच्या हिशेबातली दोन मुलं आली ती इथे. बारीक बोटं आणि चांगली नजर.

स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेनच्या फ्रान्झ मांगे या व्यापाऱ्यानं १८२९च्या सुमारास हाइलमानकडून दोन यंत्रं घेतली. त्या भागात बायका हातानं मलमलीवर उत्तम भरतकाम करत, आणि त्यांचा माल दूरवर जात असे. तरी मांगेची यंत्रं पुढची वीसेक वर्षं नीट चालली नाहीत. टाका हातासारखा येत नव्हता, सुया तुटत होत्या, दुरुस्ती करणारं कुणी नव्हतं. धंदा उभा राहिला तो १८५०च्या दशकात, मांगेचा नातू फ्रान्झ रिटमायरच्या हाताखाली, आणि तोही फ्रान्झ फोग्लर नावाच्या एका मेकॅनिकनं यंत्रात बारीकसारीक सुधारणा केल्यावर. पहिल्या पिढीनं यंत्र घेतलं, दुसरीनं सांभाळलं आणि तिसरीनं कमावलं. आज तीन वर्षांच्या हप्त्यावर यंत्र घेणाऱ्याला एवढी मुभा नसते. पण जवळपास मेकॅनिक आहे का, हा प्रश्न तेव्हापासूनच किमतीइतका महत्त्वाचा आहे.

यंत्र घरात येतं

१८६०-७०च्या दशकांत अमेरिकेतून मागणी वाढली. आर्बोनच्या साउरर कारखान्यानं १८६९ साली हातयंत्रं बांधायला सुरुवात केली. इतरही कारखाने उतरले. सुरुवातीला ही यंत्रं मोठ्या दालनांत ओळीनं मांडलेली असत. पण १८७०च्या दशकानंतर ती भराभर शेतकऱ्यांच्या घरांत शिरली. सेंट गालेन, आपेनझेल, टोगेनबुर्ग, ऱ्हाइनचं खोरं, पलीकडे ऑस्ट्रियातलं फोरार्लबेर्ग, सगळीकडे हेच. घराच्या तळाशी किंवा बाजूला एक खोली काढायची, तिला मोठ्या खिडक्या ठेवायच्या आणि चार-साडेचार मीटर लांबीचं लोखंडी धूड आत बसवायचं. गाईगुरं, थोडं गवताचं रान, आणि खाली यंत्र.

शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर यात काही वेडेपणा नव्हता. डोंगराळ जमीन, लहान तुकडे, लांबलचक हिवाळा. कारखान्यात नोकरी करण्यापेक्षा घरी आपलं यंत्र बरं; वेळ आपली, मालकी आपली. पैसे नसले तर उधारीवर यंत्र मिळत होतं. ‘स्वतःच्या पायावर उभं राहणं’ या शब्दांना आपल्याकडे आज जो मान आहे, तोच त्या खोऱ्यांत तेव्हा होता.

व्यापाऱ्यांच्या बाजूनं पाहिलं तर आणखीच सोय. स्वित्झर्लंडमध्ये १८७७ साली कारखान्यांचा कायदा झाला. दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली, चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात काम देण्यावर बंदी आली. हा कायदा कारखान्यांपुरता होता. घरात बाप यंत्रावर आणि पोरं सुया ओवायला, यात निरीक्षकाला शिरकाव नव्हता. शाळेआधी ओवायचं, शाळेनंतर ओवायचं, हंगामात रात्री दिव्याखाली ओवायचं. आई दोरे तपासायची, सुटलेले टाके हातानं भरायची. यंत्राची सुयांची संख्या एव्हाना तीनशेच्या घरात गेली होती. पुढे ओवणी करणारं छोटं यंत्रही निघालं, पण तेही विकतच घ्यायला लागणार होतं, आणि घरची मुलं फुकट होती.

मजुरी टाक्यावर मोजली जाई, शंभर टाक्यांना अमुक सांतिम. सराईत माणूस दिवसाला साधारण दोन-तीन हजार टाके घालायचा. कापड, दोरा आणि नक्षी घेऊन येणारा मध्यस्थ असे. तोच तयार माल मोजून घेई आणि चुका दाखवून मजुरी कापे. यंत्र शेतकऱ्याचं, खोली त्याची, तेल आणि सुया त्याच्या, कर्ज त्याचं. नक्षी मात्र व्यापाऱ्याची आणि गिऱ्हाईकही त्याचंच. मंदी आली की व्यापाऱ्याला कुणाला कामावरून काढावं लागत नसे, तो फक्त कापड पाठवणं थांबवायचा. हप्ता मात्र थांबत नसे.

आपल्याकडे इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. पुढे त्या गावात, आणि भिवंडी-मालेगावातही, मागांची संख्या वाढत गेली, तेव्हा जी रचना तयार झाली ती याच जातीची होती. खर्चीवाला यंत्रमागधारक म्हणजे काय, तर माग त्याचा, शेड त्याची, विजेचं बिल त्याचं, आणि सूत व्यापाऱ्याचं. मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. वीज महागली की कुणी भरायची आणि मजुरी किती पैशांनी वाढवायची, यावरून तिथे वर्षानुवर्षं वाद चालत आले आहेत. टाका असो की पीक, मोजता येणारी वस्तू मजुरीची एकक झाली, की काम करणारा मालकही असतो आणि मजूरही. आणि दोन्हींचे तोटे एकट्याच्या वाट्याला येतात.

स्विस लोकांना हे कळलं नव्हतं असं नाही. १८८५ साली त्यांनी पूर्व स्वित्झर्लंड आणि फोरार्लबेर्ग मिळून भरतकाम उद्योगाचा एक मध्यवर्ती संघ काढला. व्यापारी, कारखानदार आणि घरगुती यंत्रवाले, सगळे एकाच संघटनेत. दिवसाला अकराच तास यंत्र चालवायचं, टाक्याचा किमान दर पाळायचा. काही वर्षं हे खरोखर चाललं. मग संघाबाहेरच्या लोकांनी कमी दरात काम घ्यायला सुरुवात केली, संघातलेही चोरून घेऊ लागले, आणि १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला संघाची पकड सुटली. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याला रिकामं यंत्र बघवत नाही. दर पाडण्याच्या शर्यतीत तोच आधी उतरतो.

लहान होडी

हातयंत्राचा शत्रू त्याच प्रदेशात जन्मला होता. ओबरउत्स्विलच्या इझाक ग्र्योब्लीनं १८६३ साली वेगळंच यंत्र मांडलं. शिवणयंत्रासारखे दोन दोरे वापरायचे, समोरून सुईचा आणि मागून धोट्याचा. सुई आरपार जायची गरजच नाही, त्यामुळे दोरा रिळावरून अखंड येतो. धोट्याचा आकार होडीसारखा, म्हणून तिथल्या बोलीत नाव पडलं शिफली, लहान होडी. साडी किंवा ड्रेस मटेरियल घेताना दुकानदार ‘शिफली वर्क’ म्हणतो, तो शब्द या ग्र्योब्लीच्या होडीतून आला आहे.

शिफली सुरळीत व्हायला पुन्हा दहा-पंधरा वर्षं गेली. मग ग्र्योब्लीच्या थोरल्या मुलानं १८९८ साली पुढचं पाऊल टाकलं. नक्षी वाचायला पँटोग्राफवर बसलेला माणूस नको. भोकं पाडलेली पट्टी यंत्राला लावली, की जाकार मागासारखं यंत्र आपणच नक्षी वाचतं. जर्मनीत सॅक्सनीतलं प्लाउएन हे गाव या यंत्रांच्या जोरावर इतकं पुढे गेलं, की १९००च्या पॅरिस प्रदर्शनात तिथल्या लेसला सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

या क्षणी टोगेनबुर्गमधल्या कुणी नुकतंच पहिलं हातयंत्र घेतलं असेल, तर त्याचं काय झालं असेल याचा विचार करावा. यंत्र नवं होतं, बिघडलेलं नव्हतं, जितकं सांगितलं तितकं काम करत होतं. पण शेजारच्या खोऱ्यात त्याच कामाची टाक्याची किंमत अर्ध्यावर आली होती. हातयंत्राकडे उरलं ते रुमालाच्या कोपऱ्यातलं बारीक काम, जे शिफलीला नीट जमत नव्हतं. ज्यांनी त्या कामाकडे मोर्चा वळवला ते काही काळ टिकले.

१९१०च्या सुमारास भरतकाम ही स्वित्झर्लंडची सगळ्यात मोठी निर्यात होती. घड्याळांच्याही वर. जगातल्या भरतकामाचा अर्ध्याहून अधिक माल सेंट गालेन परिसरातून जात होता. मग १९१४चं युद्ध आलं. युद्धानंतर फॅशन बदलली. बायकांचे कपडे आखूड, सरळ आणि साधे झाले. झालरी आणि लेसचे थर गेले. ऑर्डरी आटल्या त्या परत आल्याच नाहीत. १९२०-३०च्या दशकांत सरकारी मदतीतून यंत्रं मोडीत काढण्याची योजना चालली. यंत्र फोडून भंगारात घाला आणि भरपाई घ्या. ज्या धुडासाठी घराची भिंत पाडून खोली वाढवली होती, तेच हातोड्यानं फोडण्याचे पैसे मिळू लागले.

सेंट गालेनचं भरतकाम मात्र मेलं नाही. आजही तिथल्या मोजक्या कंपन्या पॅरिसच्या फॅशनगृहांना कापड पुरवतात. २००९ साली बराक ओबामांच्या शपथविधीला मिशेल ओबामांनी जो पिवळसर पोशाख घातला होता, त्याची लेस तिथलीच. शेजारच्या फोरार्लबेर्गमधल्या लुस्टेनाउ गावानं १९६०च्या दशकापासून नायजेरियात बाजार शोधला. लागोसच्या लग्नांमधली भरजरी ‘लेस’ कितीतरी वर्षं ऑस्ट्रियातल्या एका लहानशा गावातून जात होती. टिकून राहिलेल्यांकडे यंत्रं इतरांसारखीच होती. त्यांच्याकडे नक्षी होती, नक्षीचे जुने संग्रह होते, आणि गिऱ्हाईक थेट ओळखीचं होतं.

हप्त्याचं घराणं

यंत्र हप्त्यावर विकण्याची युक्ती जगभर पोचवली ती सिंगर कंपनीनं. आयझॅक सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क यानं १८५६ साली ती सुरू केली. थोडे पैसे आत्ता, बाकीचे महिन्याला, आणि हप्ता चुकला तर यंत्र परत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी मुंबईतून सिंगरचा भारतातला व्यवहार उभा केला. शिंपी हे त्यांचं मोठं गिऱ्हाईक होतं. भारतात शिवणयंत्र बायकांच्या माजघरात पोचण्याआधी पुरुषांच्या दुकानाच्या फळीवर पोचलं.

त्याच यंत्रावर भरतकामही होई आणि अजून होतं. सुईखालचे कापड सरकवणारे दाते खाली करायचे, दाब काढायचा, कापड लाकडी रिंगेत ताणायचं आणि पाय मारत दोन्ही हातांनी रिंग फिरवायची. यंत्र फक्त सुई वरखाली करतं. नक्षी हातात असते. महाराष्ट्रातल्या कितीतरी शिवणक्लासांत हे शिकवलं गेलं आहे. भरतकामाचं यंत्र घ्यावं की नाही याची खात्री नसलेल्याला आजही यापेक्षा स्वस्त परीक्षा नाही.

गांधीजींचा यंत्रांना विरोध होता हे सगळ्यांना माहीत असतं. सिंगरच्या यंत्राला त्यांनी सवलत दिली होती हेही पुष्कळांना माहीत असतं. १९२४ साली दिल्लीत रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याशी झालेल्या संवादात ते म्हणाले, की बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरनं प्रेमापोटी हे यंत्र काढलं. खरा सिंगर इतका प्रेमळ गृहस्थ नव्हता; अनेक संसार आणि वीसहून जास्त मुलं असलेला तो बिलंदर नट आणि धंदेवाईक होता. पण त्या संवादातला पुढचा प्रश्न जास्त मोलाचा आहे. रामचंद्रन यांनी विचारलं, की ही यंत्रं बनवायला तर कारखाना लागेल. गांधीजींनी ते मान्य केलं आणि असे कारखाने सरकारच्या ताब्यात असावेत असं सांगितलं. यंत्र किती मोठं आहे, यापेक्षा त्याच्या मागे कोण उभं आहे, हा मुद्दा तिथे आला होता.

आपण पुढे ‘शिलाई मशीन वाटप’ हा सोयीचा भाग उचलला. वाढदिवस असो की निवडणूक, मंडपात यंत्रांची रांग आणि फोटो. यंत्र दिलं जातं, काम दिलं जात नाही. त्यातली किती यंत्रं पुढे टेबल म्हणून वापरली जातात, हे कुठल्याही गल्लीत विचारून पाहावं.

आरीचा फेरा

एक उपकथा इथे सांगायला हवी, कारण तिचं दुसरं टोक आपल्या घरातल्या ब्लाउजपर्यंत येतं. अठराव्या शतकाच्या मध्यावर युरोपात ताणलेल्या कापडावर आकडीनं साखळीटाका घालण्याची फॅशन आली. ढोलासारख्या ताणलेल्या कापडामुळे तिला फ्रेंच नाव पडलं तांबूर. ही रीत पूर्वेकडून आली. आपली आरी तीच. कच्छच्या मोची कारागिरांची साखळीटाक्याची नाजूक कामं संग्रहालयांत आहेत. पॅरिसमध्ये अँत्वान बोनाझ यानं १८६५ साली या आकडीचं यंत्र केलं, आणि पुढे कॉर्नेली या नावानं ते जगभर गेलं. टेबलाखालचा दांडा फिरवत कापडाला दिशा द्यायची. यंत्र साखळी घालत जातं. तेच यंत्र भारतातही आलं, आणि आरीच्या देशात आरीशी स्पर्धा करू लागलं.

तरी आरी संपली नाही. उलट गेल्या काही वर्षांत पैठणीवरच्या ब्लाउजच्या पाठीवर आणि बाह्यांवर आरी वर्क करून घेणं ही लग्नाची ठरलेली गोष्ट झाली आहे. यंत्रावरचं काम काही मिनिटांत होतं, आरीला दिवस लागतात, आणि नवरी आरीचेच पैसे मोजते. पहिलं यंत्र घेणाऱ्यानं हे लक्षात घ्यायला हवं. हातकाम महाग आहे म्हणून यंत्राला काम मिळेल, असं गृहीत धरता येत नाही. काही गिऱ्हाइकं हातकाम महाग आहे म्हणूनच ते करून घेतात. यंत्राचं गिऱ्हाईक वेगळं असतं. शाळेच्या गणवेशावरचं बोधचिन्ह, हॉटेलच्या शर्टावरचं नाव, क्रिकेट संघाच्या टोप्या, शंभर सारख्या ओढण्या.

पंचिंग

आजच्या संगणकीय यंत्राकडे येऊ. नागोयाच्या ताजिमा कंपनीनं १९६४ साली अनेक डोक्यांचं स्वयंचलित यंत्र बाजारात आणलं. शिफलीसारखं भिंतभर लांब नाही; शिवणयंत्राची डोकी ओळीनं बसवलेली, सगळी एकच नक्षी एकदम भरणारी. पुढे भोकाच्या पट्टीची जागा संगणकानं घेतली. पण बाजारानं शब्द जपला. सुरतला किंवा उल्हासनगरला नक्षीची फाइल बनवणारा आजही ‘पंचिंग’ करतो. भोकं केव्हाच गेली, तरी काम तेच आहे: चित्राचे टाके करायचे, कुठल्या टाक्यानंतर कुठला, दिशा कोणती, दाटी किती. आणि ज्या डीएसटी फाइलमध्ये ती नक्षी पेनड्राइव्हवरून फिरते, ती पद्धतही ताजिमाचीच.

जॉबवर्कचा दर कसा बोलतात? हजार टाक्यांना इतके रुपये. आपेनझेलमध्ये शंभराला मोजत, इथे हजाराला. दिवसाचे दोन-तीन हजार टाके आता तीन-चार मिनिटांत होतात, म्हणून एकक दहापट झालं, इतकंच.

मग आकडेमोड करून पाहू. समजा, शर्टावरचं बोधचिन्ह आठ हजार टाक्यांचं आहे. यंत्राच्या माहितीपत्रकात मिनिटाला हजार टाके लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात सातशे धरा. एका शर्टाला साडेअकरा मिनिटं. आठ तासांत कागदावर बेचाळीस शर्ट. त्यातून कापड रिंगेत बसवणं, रंग बदलणं, दोरा तुटणं, बॉबिन संपणं आणि वीज जाणं वजा केलं, की एका डोक्याच्या यंत्रावर तीस झाले तरी चांगलं. म्हणजे दिवसाला दोन लाख चाळीस हजार टाके, महिन्याच्या पंचवीस दिवसांत साठ लाख. हप्त्याला सहा हजारांनी भागा. हप्ता बारा हजार असेल, तर हजार टाक्यांमागे दोन रुपये बँकेचे. काम निम्मेच दिवस मिळालं, तर चार रुपये. दोरा, वीज, कॅनव्हास, भाडं आणि यंत्रावर बसणाऱ्याचा पगार यातून अजून काढायचा आहे. हे गणित दुकानात जाण्याआधी करावं. विक्रेता करून देतो ते गणित महिन्याचे तीसही दिवस पूर्ण भरलेले धरून असतं.

डोक्यांची संख्या हा नंतरचा प्रश्न. एका डोक्याचं, बारा-पंधरा सुयांचं यंत्र पाच शर्टांची ऑर्डर घेऊ शकतं, एकाच ब्लाउजवर नाव घालू शकतं. सुया जास्त म्हणजे रंग जास्त. घरगुती एका सुईच्या यंत्रावर प्रत्येक रंगाला थांबून दोरा बदलावा लागतो. आठ डोक्यांच्या यंत्राला आठ सारखे नग लागतात. पाचच आले तर तीन डोकी बसून राहतात, आणि एका डोक्याचा दोरा तुटला तर सगळं यंत्र थांबतं. हा फरक वरवर यंत्राचा दिसतो, पण तो गिऱ्हाइकाचा आहे. एका डोक्याच्या यंत्राला शेजारची शाळा, बुटीक, क्रीडामंडळ पुरतं. आठ डोक्यांचं पोट भरायला व्यापारी लागतो. कापडाचे तागे तोच पाठवणार, नक्षी तोच देणार आणि दर तोच सांगणार. ज्या दिवशी बहुडोकी यंत्र घरात येतं, त्या दिवशी टोगेनबुर्गचा शेतकरी आणि इचलकरंजीचा खर्चीवाला शेजारी येऊन बसतात. ती वाट चुकीची आहे असं नाही. सुरतेत तिच्यावरून पुष्कळ जण पुढे गेले. पण ती आपण निवडतो आहोत, हे निवडताना ठाऊक असावं.

म्हणून पहिल्या यंत्राचे पैसे मोजण्याआधी नक्षीचे पैसे मोजावेत. पंचिंग शिकायला यंत्र लागत नाही, संगणक आणि चिकाटी लागते. फाइल बाहेरून करून घेतली, तर प्रत्येक नव्या ऑर्डरमागे आपण आधी दुसऱ्याला पैसे देतो. आणि वाईट पंचिंग असेल, तर चांगल्या यंत्रावरही दोरा तुटतच राहतो. भरतकाम करणारी यंत्रं वेळोवेळी जुनी होत गेली. हातयंत्राला शिफलीनं, शिफलीला पट्टीनं, पट्टीला संगणकानं मागे टाकलं. नक्षी कळणारा माणूस या प्रत्येक फेऱ्यातून दुसऱ्या बाजूला गेला, कधी तोच हात घेऊन, कधी नवं शिकून.

आणि यूरची ती दोन मुलं? संगणकीय यंत्राला सुया ओवायला पोरं लागत नाहीत. पण यंत्र घरात बसलं, की सुटे दोरे कातरणं, मागचा कागद फाडणं, रिंग लावणं, नग मोजून गठ्ठे बांधणं ही कामं उरतात. ती घरातलंच कुणीतरी करतं. बहुधा सासू, जाऊ, किंवा दहावीतली मुलगी. कोटेशनवर त्यांची ओळ नसते आणि हजार टाक्यांच्या दरातही नसते. बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालात मनुष्यबळाचा रकाना असतो. तिथे ‘घरचे’ असं लिहून पुढे शून्य टाकण्याची पद्धत आहे. पहिलं यंत्र घेणाऱ्यानं निदान स्वतःच्या वहीत तरी तिथे आकडा लिहावा. तो लिहून झाल्यावरही हजार टाक्यांमागे काही उरत असेल, तर यंत्र परवडतं.